मारोतीच्या चौकात कोणता हात सोडायचा

“सर, गाडी चालवता चालवता चौकातल्या मारोतीला नमस्कार करायचा असेल, तर हँडलवरचा कोणता हात सोडायचा? क्लचचा की ब्रेकचा?”

हा प्रश्न मी शाळेच्या भरलेल्या हॉलमध्ये, हातात माइक घेऊन, वाहतूक शाखेच्या साहेबांना विचारला. स्वतःच्या मर्जीने नाही, पैज होती. रस्ता सुरक्षेचं भाषण ऐकता ऐकता मागच्या रांगेतल्या निम्म्या पोरी झोपल्या होत्या. जाग्या असलेल्यांपैकी प्रणाली आणि कहकशाँ या माझ्या दोन जिवलग वैरिणींनी मला दोन बाजूंनी कोपर मारलं. “विचारून दाखव, रागिणी. गिला वडा आमच्याकडून.”

“दोन प्लेट,” मी म्हटलं. “दही वरून जास्तीचं.”

“अरे यार, पहले बोल तो सही,” कहकशाँ म्हणाली. म्हणून बोलले.

मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली जायचा. दहावी पार पडली, अकरावीत आले आणि मला कंठ फुटला. आई म्हणते, जरा जास्तच फुटला.

हॉल हसला. आमचे मुख्याध्यापक मात्र छताच्या पंख्याकडे असे पाहायला लागले, जणू तो आत्ताच बसवलाय. कारण रोज सकाळी त्याच चौकात, त्याच मारोतीसमोर, त्यांचाही एक हात सुटलेला सगळ्या शाळेने पाहिलाय.

साहेब हसले नाहीत. “तुमच्या घरी कोण करते असं?”

“नाव नाही सांगत सर. पण ते आमच्याच घरी राहतात.”

“त्यायले माहा निरोप सांगजो. एकही हात सोडायचा नाही. गाडी बाजूले घ्यायची, स्टँडवर लावायची, खाली उतरायचं, अन् मग दोन्ही हात जोडून पाहिजे तेवढा वेळ नमस्कार करायचा. मारोती कुठं जाऊन नाही राहिला.”

मग त्यांनी फळ्यावर चौक काढले. सिग्नल नसलेल्या चौकात आणि गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना थांबायचं. पिवळा दिवा म्हणजे वेग वाढवायचा इशारा नाही. झेब्रा पट्ट्यांवर माणूस दिसला की गाडी पट्ट्यांच्या अलीकडे उभी करायची. रेल्वेचं फाटक बंद असेल तर आपल्या डाव्या बाजूला, एकामागे एक. यावर हॉल जेवढा हसला, तेवढा माझ्या प्रश्नावरही हसला नव्हता.

ते ‘आमच्याच घरी राहणारे’ म्हणजे माझे बाबा. बाबा सरकारी कचेरीत आहेत, कागदावर एक टिंब इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही. पण मोटारसायकलवर बसले की तोच माणूस बदलतो. मारोतीचा चौक आला की त्यांचा उजवा हात, म्हणजे ज्या हाताखाली ब्रेक आहे तोच, आधी छातीला, मग कपाळाला आणि पुन्हा छातीला लागतो. एवढ्या वेळात डोळे बंद. चार रस्ते जिथे एकमेकांत घुसतात, बरोबर तिथेच. आमच्या शहरात देवळं बांधणाऱ्यांनी जागा मात्र फार विचार करून निवडल्यात.

हेल्मेटही असतं हो त्यांच्याकडे. डाव्या कोपरावर. पोलीस दिसला की ते कोपरावरून डोक्यावर जातं, पोलीस मागे पडला की परत घरी येतं.

तर मला या सगळ्याचं एवढं का पडलं होतं, ते सांगते. बाबांची बदली झाली होती बार्शीटाकळीला. घर अमरावतीतच ठेवायचं आणि सकाळच्या गाडीने अकोला, तिथून पुढे बार्शीटाकळी असं रोजचं जाणं-येणं करायचं, हे त्यांचं ठरलं. मग मला सकाळी क्लासला सोडणार कोण? आई गाडी चालवत नाही. त्या वेळी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर ऑटोवाला दिसला तर लोक फोटो काढतील. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं, ते अंगणात प्लास्टिक पांघरून उभं होतं. शेंदूरजनाघाटच्या मामाने दहावीच्या निकालाची भेट म्हणून बॅटरीची गाडी दिली होती. लायसन लागत नाही अशी, हळू चालणारी. मामाची संत्र्याची बाग आहे, म्हणून त्याने रंगही संत्र्याचाच आणला होता. अंधारातही दिसेल आणि दिसल्यावर विसरता येणार नाही, असा.

कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटांमधून मी ती दोन महिने फिरवत होते. पण मोठ्या रस्त्यावर न्यायला बाबांची परवानगी नव्हती.

“पोरगी शहरात गाडी नेणार नाही,” बाबांनी जाहीर केलं. “अकोल्यात आत्याकडे राह्यन. तिथं क्लास काय कमी हायेत?”

माझी आत्या प्रेमळ आहे, अकोल्यात क्लासही चांगले आहेत, हे मान्य. पण माझी शाळा, माझा क्लास, माझ्या दोन वैरिणी आणि नुकताच कमावलेला माझा आवाज, हे सगळं अमरावतीत होतं. अकोल्यात जाऊन मी पुन्हा बाकाखाली पुटपुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तीन दिवस मी जेवताना एवढी भांडले, की शेवटी आईच म्हणाली, “अवो, एकदा पाहून तर घ्या तिची गाडी. नाहीतर ही आपल्याले चपात्या सुखानं खाऊ देणार नाही.”

“ठीक हाय,” बाबा म्हणाले. “रविवारी मी मांगं बसतो. घरापासून क्लासपर्यंत नेऊन दाखव. पास झाली त गाडी तुही. नापास झाली त बॅग भर.”

रविवारच्या परीक्षेआधी त्यांनी मला शिकवणीही दिली, चहा पिता पिता. “चौकात घाबरलं की संपलं. आपलं चाक जरासं आत टाकायचं, मंग समोरचा आपोआप थांबते.”

“अन् नाही थांबला तर?”

“थांबतेच न. त्याले बी घरी जायचं असते.”

“आणि त्यालाही त्याच्या बाबांनी हेच शिकवलं असेल तर?”

“तू आधी उलटं बोलणं कमी कर,” बाबा म्हणाले. उत्तर नसलं की आमच्या घरात अभ्यासक्रम बदलतो.

रविवार उजाडला. मी हेल्मेट डोक्यावर घातलं, बाबांनी कोपरावर. आई फाटकापर्यंत आली आणि तिने माझ्या गाडीवरून असा हात फिरवला, जणू मी सीमेवर चाललेय.

पहिला पेपर, कॉलनीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो तिठा. मी थांबले. पाय टेकवला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, परत उजवीकडे पाहिलं.

“काय हारपलं का?” मागून आवाज.

“गाड्या येतायत बाबा.”

“त्या येतच राहतात. त्यायचा धंदाच हाय तो. जाय!”

मागे एक ऑटो येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. रस्ता मोकळा झाल्यावरच मी निघाले. ऑटोवाला शेजारून जाताना बाबांना म्हणाला, “काका, पोरगी आहे की फाटकवाला?” बाबांनी मान खाली घातली. इतकी खाली, की त्यांचं डोकं आणि कोपरावरचं हेल्मेट पोलीस नसताना पहिल्यांदाच एवढी जवळ आली.

पुढे गोल चौक. मी उजवीकडून येणाऱ्यांना वाट दिली. एक गेला, दुसरा गेला, मग त्यांच्या लक्षात आलं की इथे कोणीतरी थांबतंय. ही बातमी बहुधा सगळ्या गावात पसरली, कारण नंतर त्या बाजूने मिरवणूकच आली. तेवढ्यात एक पोट्टा चौकाला वळसा घालायचा कंटाळा येऊन उलट्या बाजूने घुसला आणि मलाच म्हणाला, “ताई, बाजूले हो ना!”

“पाह्यलं?” बाबा म्हणाले. “तो कॉलेजात पोचला बी असन.”

“किंवा दवाखान्यात.”

“अशुभ नको बोलू.”

मग झेब्रा पट्ट्या. आमच्या भागात त्यांना पार्किंगची शोभा समजतात. एक आजी, पार्बताबाई त्यांचं नाव, आमच्याच गल्लीत कोथिंबीर विकतात, टोपली डोक्यावर घेऊन कडेला उभ्या होत्या. मी पट्ट्यांच्या अलीकडे गाडी उभी केली. आजी हलल्या नाहीत.

“आजी, जा तुम्ही.”

“तू जाय माय.”

“नाही, तुम्ही जा. मी थांबलेय.”

“कावून थांबली?” आजींच्या डोळ्यांत संशय. “गाडी बंद पडली का?”

“तुमच्यासाठी थांबली हो!”

“माह्यासाठी? मी का केलं?” त्या दोन पावलं मागे सरकल्या. एवढ्या वर्षांत कोणी थांबलं नव्हतं, आता थांबलं म्हणजे काहीतरी डाव असणार, हे त्यांचं गणित बरोबरच होतं. शेवटी बाबा मागून ओरडले, “अवं पार्बतामाय, जाय वं लवकर! नाहीतर हे पोट्टी आपल्या दोघायले बी घरी जाऊ देत नाही.” तेव्हा कुठे आजी रस्ता ओलांडून गेल्या. तीनदा वळून पाहत गेल्या.

रेल्वे फाटक लागलं, तेही बंद. मी डाव्या बाजूला, ट्रॅक्टरच्या मागे उभी राहिले. बाकी जनता आली तशी पसरत गेली. उजवी बाजू भरली, मग मातीचा कडेचा पट्टा भरला. एक गृहस्थ बायकोला उतरवून स्कूटर तिरकी करून दांड्याखालून घेऊन गेले आणि बायको या बाजूलाच राहिली. पलीकडेही हेच. गाडी गेली, दांडा वर झाला आणि दोन फौजा समोरासमोर उभ्या. कोणीच कोणाला जागा देईना, कारण द्यायला जागाच नव्हती. हॉर्न एवढे वाजले की गेलेली रेल्वे परत येते की काय असं वाटलं.

“इथंच मुक्काम हाय काय आता?” बाबांनी विचारलं.

“सगळे डावीकडे राहिले असते तर आत्ता गेलो असतो बाबा.”

“सगळे राह्यले असते त. तू एकटी राहून का उपयोग?”

ट्रॅक्टर हलल्यावर मी निघाले.

शेवटी मारोतीचा चौक. माझे दोन्ही हात हँडलवर, डोळे उघडे, वेग कमी. मनातल्या मनात म्हटलं, देवा, पास कर. मागे बाबांचा हात छाती-कपाळ-छाती फिरला, तो आरशात दिसला.

क्लासच्या दारात गाडी उभी केली. एका ओरखड्याविना, एका शिवीविना. म्हणजे मी दिलेल्या. खाल्लेल्या मोजल्या नाहीत.

“नापास,” बाबा म्हणाले.

“का?”

“क्लास सुटायच्या टायमाले पोचशीन अशानं. अन् चौकात देवाले हात बी नाही जोडला. ज्याले वरच्याचं भेव नाही, त्याले रस्त्यावर सोडू कसा?”

घरी आल्यावर त्यांनी आत्याला फोन लावला. मी खोलीत जाऊन रडले. जोरात नाही, पण ऐकू जाईल एवढं. आई माझी बॅग काढून बसली आणि हळूच म्हणाली, “त्यायले तू नापास नाही वाटली. भेव वाटते त्यायले. तू रस्त्यावर एकटी राह्यशीन अन् हे तिकडं बार्शीटाकळीत, म्हणून.” मग ते असं सरळ का नाही सांगत, हे मी विचारलं. आई म्हणाली, “तुहे बाबा सरळ कुठून गेले हायेत का कधी?”

सोमवारी सकाळी बाबाच मला क्लासला सोडायला निघाले. मोटारसायकलवर पुढे बाबा, मागे मी. क्लासमध्ये नाव काढायचं सांगून यायचं होतं. मी रुसले होते.

मारोतीचा चौक आला. बाबांचा उजवा हात सुटला. छाती. कपाळ. डोळे बंद.

मी मागे बसले होते आणि माझे डोळे उघडे होते. म्हणून डाव्या रस्त्यावरून येणारी पांढरी स्कूटर मला दिसली. तिच्यावर वामनराव होते, याच देवळाच्या समितीचे अध्यक्ष. त्यांचाही उजवा हात कपाळाला होता आणि डोळे भक्तिभावाने मिटलेले.

“बाबा! ब्रेक!”

ब्रेक होता ना. पण ब्रेकचा हात देवाकडे गेला होता. पायाखालचा ब्रेक आठवेपर्यंत ढप्प असा आवाज झाला आणि आम्ही तिघं मारोतीच्या पुढ्यात साष्टांग.

बाबा आडवे पडले होते आणि हलत नव्हते. मी त्यांच्या नावाने ओरडले, आणि मग तोंडातून काय काय निघालं ते मला आठवत नाही. नंतर त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “तुले लागलं का?” माझा गुडघा खरचटला होता. “नाही,” मी म्हटलं.

मग त्यांना वामनराव दिसले आणि त्यांच्या जीवात जीव आला.

“वामनराव, डोळे फुटले का तुमचे? पाहून नाही चालवता येत?”

“मी देवाले नमस्कार करून राहिलो होतो!” वामनराव धोतर झटकत उठले. “तुमी कावून नाही पाह्यलं?”

“मी बी नमस्कारच करून राहिलो होतो न!”

भांडण तिथेच अडकलं. चूक समोरच्याची म्हणावं तर आपलीही तीच, आणि चूक म्हणावं तर ती कबूल करायची कशी, दोघांचाही देव समोरच बसलेला. जमलेल्या लोकांतून कोणीतरी निर्णय दिला, “मारोतीनंच वाचवलं तुमाले.” लगेच दोघांनी वळून, उभं राहून, नमस्कार केला. वामनरावांनी दोन्ही हातांनी, बाबांनी एकाच. दुसरा त्यांना उचलता येईना.

बाबांचा डावा कोपर हेल्मेटमुळे एकदम सुरक्षित राहिला. उजवं मनगट मात्र गेलं.

दवाखान्यात एक्स-रे निघाला, प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?” बाबा म्हणाले, “चौकात गर्दी होती.” होती ना. तिघांची.

संध्याकाळ झाली. आत्याचा फोन येऊन गेला. माझी अर्धी भरलेली बॅग पलंगावर तशीच होती. बाबा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून भिंतीकडे पाहत बसले होते आणि आई त्यांना वरण-भात भरवत होती. पंधरा दिवसांनी त्यांना बार्शीटाकळीला रुजू व्हायचं होतं. तेव्हा प्लास्टर काही निघणार नव्हतं. सकाळच्या गाडीला स्टेशनवर पोचायचं कसं, यावर दोघं माझ्याकडे न पाहता बोलत होते.

“वामनरावाले सांगू का सोडून द्यायले?” आईने विचारलं. ती हे गंभीरपणे म्हणाली की कसं, ते अजून कळलं नाही.

बाबांनी प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “तुले ते स्कूटर आधी दिसली होती, नाही का?”

“हो.”

“माहे डोळे बंद होते.”

“हो बाबा.”

त्यांनी एक घास गिळला. पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण मला कंठ फुटलेला आहेच. मी बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. आईचा घास हातातच थांबला.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” मी म्हटलं. “मी अकोल्याला जाऊन नाही राहिली. रोज सकाळी बाबांना स्टेशनवर मी सोडणार, माझ्या गाडीवर, अन् तिथून क्लासला जाणार. आपण घरून लवकर निघू, कारण मी तिठ्यावर थांबणार, गोल चौकात थांबणार, पार्बताबाईंसाठी थांबणार आणि फाटकावर डावीकडेच उभी राहणार, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी. हेल्मेट तुमच्या डोक्यावर राहील, बाबा, कोपरावर नाही. आणि मारोतीच्या चौकाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेऊन स्टँडवर लावीन. तुम्ही खाली उतरायचं आणि पाहिजे तेवढा वेळ, डोळे मिटून, नमस्कार करायचा. रस्त्याकडे मी पाहीन.”